नेहमीचं टाका

३ जून

प्रिय सुईदोरेबाई,

आशीर्वादांना वजन नसतं, म्हणून तुला आणि छोटीला भरपूर पाठवते आहे.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर कशाला पाठवलंस गं? हेडक्लार्कने पाकीट उलटंपालटं केलं, खिडकीच्या उजेडाला धरलं आणि मग माझ्या टेबलावर ठेवलं, जणू मी कुठलं कारस्थान रचतेय. यापुढे घरी पाठव. फोन नंबर बदललास ते उत्तम केलंस. तुझ्या आईला आणि तिच्या गोतावळ्याला तुला फोन करून रडण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. पत्रांचं म्हणशील तर मला काही कंटाळा नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं टाईप करतेय, कधी स्वतःचं लिहायला मिळालं तर बरंच वाटतं.

माझं ठीक चाललंय. गुडघा बोलतो, मी ऐकत नाही. तू अस्तर लावून दिलेला कोट अजून नव्यासारखा आहे. आमचे जुने साहेब निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आता गुलाब लावतात म्हणे. त्यांच्या जागी न्यायाधीशबाई आल्यात, त्या पंखा जोरात ठेवतात आणि माझे कागद खोलीभर उडतात. निवृत्तीला मलाही चौदाच महिने उरले. कोर्टाच्या या खुर्चीत अजून चौदा महिने टकटक, मग सुटले.

छोटी वर्गाची मॉनिटर झाली हे वाचून मी एकटीच हसले. कोण ती? कोर्टाच्या बाकावर दोन वर्षं माझ्याशी नुसती मान हलवून बोलणारी? तिला म्हणावं, टकटक मावशीने विचारलंय, आता तू दुसऱ्यांना गप्प बसवतेस का? तेरा वर्षांची झाली म्हणजे उंचीही वाढली असेल. पडद्यांच्या दुकानातलं काम तुला जमतंय हे ऐकून जीव भांड्यात पडला.

आता तुझा प्रश्न. घाबरली आहेस, ते अक्षरावरूनच कळलं. तुझ्या भावाचं अपील वरच्या कोर्टाने सुनावणीला घेतलंय, हे खरं. (मी त्याला छोटीचा मामा म्हणणार नाही. सख्ख्या भाचीवर अत्याचार करणाऱ्याला मामा म्हणायला माझी जीभ वळत नाही.) बारा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली चार भोगून झाली, आणि आता म्हणतो मी निर्दोष. म्हणू दे. अपील करण्याचा हक्क सगळ्यांना असतो, त्यालाही आहे.

पण अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून खटला नाही, हे नीट समजून घे. छोटीला कोणी बोलावणार नाही, तुला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. तिथे तीन न्यायाधीश बसतात आणि वाचतात. खाली आमच्याकडे जे बोललं गेलं आणि टाईप झालं, ते सगळं शिवून एक जाडजूड पुस्तक करतात. त्याच्या प्रती तिघांपुढे आणि दोन्ही वकिलांपुढे. त्या पुस्तकात आहे ते घडलं, नाही ते घडलं नाही. आणि त्यांचा एक जुना शिरस्ता आहे. साक्ष देणारं मूल खालच्या न्यायाधीशाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्याचा आवाज ऐकलेला असतो. वरच्यांपुढे नुसता कागद. म्हणून खालच्याने 'या मुलावर माझा विश्वास बसला' असं लिहिलं असेल तर वरचे सहसा त्यात हात घालत नाहीत. विश्वास ठेवायला कागदावर आधार होता का आणि काम नियमाने झालं का, एवढंच बघतात. एकट्या मुलाच्या शब्दावरही शिक्षा टिकते. असल्या गुन्ह्याला दुसरा साक्षीदार असतोच कुठे?

छोटीची साक्ष अकरा पानांची आहे. त्याच्या त्या उंच वकिलाने तिला तीन तास उलटसुलट पिळलं, पण ती एका शब्दाने हलली नाही. मीच टाईप केलंय, मला माहीत. पुस्तकात पान सत्तेचाळीसपासून तिची साक्ष सुरू होते. जाण्याआधी ती पानं माझ्या टेबलावरून गेली, मी चाळली. म्हणजे तपासलीच.

तेव्हा निर्धास्त झोप. माझा शब्द आहे.

तुझी, आणि तिची
टकटक मावशी


१९ सप्टेंबर

प्रिय सुईदोरेबाई,

बरी आहेस ना? मी काल वरच्या कोर्टात जाऊन आले. हो, तुला न सांगता. हेडक्लार्ककडे दाताचं कारण देऊन रजा टाकली आणि सकाळची पहिली बस धरली. ऊन इतकं, की कोट हातावर घेऊन चालले.

केवढी ती इमारत! पायऱ्या चढता चढता माझा गुडघा रडकुंडीला आला. आत मात्र गार. छत इतकं उंच की कोणी खोकलं तरी वर जाऊन परत येतं. तीन उंच खुर्च्या, तिन्हींपुढे पाण्याचे जग, आणि आमचं पुस्तक. आपल्या केसचं. त्याला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. आम्ही इथे पंख्याखाली घाम पुसत जे टाईप करतो, ते तिथे असं थाटात बसलेलं बघून मला क्षणभर बरं वाटलं. मधे एक टकले न्यायाधीश, उजवीकडे एक चिडके, डावीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई. तुझा भाऊ नव्हता. आई होती, पहिल्या रांगेत. मला ओळखलं नाही. टायपिस्टला कोण ओळखतं?

सुनावणी दीड तास चालली. सगळं सांगत बसत नाही. पण एका ठिकाणी अडलं, तेवढं सांगायला हवं, नाहीतर तुझा वकील तिखटमीठ लावून सांगेल.

उंच वकील उभा राहिला आणि म्हणाला, "पान सत्तेचाळीस. वाचतो." आणि वाचलं. "'साक्षीदाराचं वय अकरा. इयत्ता सहावी. वडिलांचं सायकलींचं दुकान आहे. साक्षीदारास काही प्राथमिक प्रश्न विचारले. खरं काय आणि खोटं काय यातला फरक साक्षीदारास कळतो, असं माझं मत झालं.' आता ही मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, चौथीतली. वडील ती तान्ही असतानाच वारले. मग हे कोणाचं मूल आहे?"

टकल्यांनी सरकारी वकिलाकडे पाहिलं. त्याने भराभर पानं उलटली. "टायपिंगची चूक दिसते, साहेब."

"वयाचा आकडा चुकतो," चिडके म्हणाले. "सायकलींचं दुकान कसं चुकून उघडतं?"

लोक हसले. तुझी आईसुद्धा हसली.

मग टकल्यांनी शांतपणे विचारलं, या मुलीला खालच्या न्यायाधीशांनी प्रश्न विचारले का, विचारले तर कोणते, आणि तिने काय उत्तर दिलं? मूल लहान असलं की साक्षीआधी ही परीक्षा घ्यावीच लागते, आणि या पुस्तकात या मुलीबद्दल त्यातलं एक वाक्य नाही. डावीकडच्या बाई मात्र म्हणाल्या, "पुढची अकरा पानं वाचा. ज्याला खरं-खोटं कळत नाही ते मूल असं बोलतं का?" मला वाटलं उठून त्यांच्या पाया पडावं. शेवटी ठरलं ते असं, की आमच्या कोर्टाने महिन्याभरात लेखी अहवाल द्यायचा, त्या दिवशी काय झालं होतं त्याचा.

असल्या गोष्टी होतात गं. हजारो पानांत एखादं चुकतं. साहेबांनी लक्ष द्यायला हवं होतं, सही त्यांची आहे. सह्या तर चौघांच्या आहेत त्या पानावर, आणि चौघांनाही डोळे होते. कशी झाली ते बघितलं जाईल. तू मनाला लावून घेऊ नकोस.

येताना बस चुकली, तीन तास बाकावर बसून काढले. काही खाल्लं नाही, दात दुखत होता. खरंच दुखायला लागला.

छोटीला काही सांगू नकोस इतक्यात.

तुझी
टकटक मावशी


११ ऑक्टोबर

प्रिय सुईदोरेबाई,

घाईत लिहिते आहे. साहेबांना शिव्या घातल्यास, वाचल्या. कमीच आहेत. 'गुलाबांना पाणी घालणाऱ्या त्या हातांना लाज कशी वाटत नाही' हे वाक्य तर लई झकास.

तू विचारलंस, त्या पहिल्या प्रश्नांच्या वेळी खोलीत कोण होतं. पद्धत अशी आहे की आधी साहेब मुलाशी एकटेच बोलतात, म्हणजे मूल बुजत नाही. वकिलांना मागाहून आत घेतात. तूही साक्षीदार, म्हणून तुला आत येता आलं नाही, बाहेर बाकावर होतीस. आत साहेब होते आणि छोटी होती.

साहेबांचं लेखी उत्तर आलं: 'इतक्या वर्षांनी तपशील आठवत नाही.' माणूस लबाड नाही, खरंच आठवत नसेल. ऑफिसकडूनही अहवाल गेला, दोन ओळींचा.

'निदान तुम्ही तरी तिथे आपल्या बाजूने आहात' असं लिहिलंयस. असं काही लिहीत जाऊ नकोस. पत्र कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मला नवीन खुर्ची मिळाली, पाठीला बरी आहे. कोटाचं एक बटण पडलं, शोधते आहे.

तुझी
मावशी


२७ नोव्हेंबर

प्रिय,

आज सुईदोरेबाई म्हणवत नाही. हे पत्र बसून वाच, आणि छोटी शाळेत असताना वाच.

निकाल तुला वकिलाने कळवलाच असेल. दोघं एका बाजूला, पांढऱ्या केसांच्या बाई एकट्या दुसऱ्या बाजूला. शिक्षा रद्द, खटला पुन्हा, नव्या न्यायाधीशापुढे, छोटीची साक्ष पहिल्यापासून. तोवर तो जामिनावर बाहेर. म्हणजे ज्या पोरीला कोणी पुन्हा बोलावणार नाही असा मी शब्द दिला होता, तिला पुन्हा बोलावणार. आणि काय विचारणार? तेरा वर्षांच्या मुलीला विचारणार, नऊ वर्षांची असताना जे सांगितलंस ते खरं होतं हे तुला तेव्हा कळत होतं का. माझं डोकंच फिरलं.

निकालपत्र बत्तीस पानांचं आहे. दोनदा वाचलं. ते दोघं म्हणतात, मुलगी खोटं बोलली असं आम्ही म्हणत नाही. तिची परीक्षा झाली की नाही तेच कळायला मार्ग नाही, आणि ज्या पुराव्यावर दुसऱ्याच मुलाची परीक्षा चिकटवलेली आहे त्यावर कोणाला बारा वर्षं आत ठेवता येणार नाही. बाई म्हणतात, चूक मान्य, पण त्या चुकीने आरोपीचं काय बिघडलं? मुलीचे शब्दच सांगतात की तिला सगळं कळत होतं. दोन विरुद्ध एक. पहिल्यांदा मला त्या दोघांचा संताप आला. मग तो संतापही टिकेना. त्यांच्यापुढे जे ठेवलं त्यावरून त्यांनी ठरवलं.

एकोणतिसाव्या पानावर लिहिलंय: 'साक्ष लिहून घेणाऱ्या टंकलेखिकेने लेखी कळवलं आहे की याबाबत अधिक काही उपलब्ध नाही.' ती टंकलेखिका म्हणजे मी. तो दोन ओळींचा अहवाल माझ्या सहीचा होता.

आता सरळ सांगते. तीन पत्रं वळसे घालण्यात घालवली.

साक्षीआधी मुलाशी गप्पा मारायची साहेबांची पद्धत होती. शाळा कुठली, मित्र कोण, खरं म्हणजे काय, खोटं म्हणजे काय. माणूस मुलांशी फार छान बोलायचा. खरं तर ते सगळं प्रश्न-उत्तर, जसंच्या तसं, टाईप व्हायला हवं. पण मुलं अडखळतात, वेळ जातो. मग साहेबांची खात्री पटली की ते पेनाला टोपण लावायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "नेहमीचं टाका." माझ्या संगणकात त्या नावाची फाईलच होती, 'नेहमीचं'. त्यात तो चार ओळींचा परिच्छेद तयार. वय, इयत्ता आणि बापाचा धंदा बदलायचा, बाकी तेच. एका मिनिटाचं काम. कित्येक वर्षं कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ती आम्हाला पद्धतच वाटायला लागली. ऑक्टोबरात हेडक्लार्कने जुन्या फाईली काढून मोजलं. एकेचाळीस मुलांना मी तो परिच्छेद चिकटवला आहे.

त्या दिवशी एक वाजायला पाच कमी होते. जेवणाची सुट्टी व्हायची होती आणि मला सडकून भूक लागली होती. सकाळी काही न खाता आले होते. साहेब म्हणाले, "नेहमीचं टाका." मी टाकलं. आदल्या आठवड्यातला सहावीतला मुलगा त्यात तसाच राहिला, बापाच्या सायकलींसकट. संध्याकाळी पान वाचून बघायचं असतं, ते वाचलं नाही. छोटीने खाली सही केली, मोठ्या अक्षरात, रेघेच्या बाहेर जाऊन. साहेबांनी केली, दोन्ही वकिलांनी केली. पण त्यांनी न वाचलेलं आणि मी न लिहिलेलं, हे एका मापाचं नाही.

आणि एवढंच असतं तरी मी तुला तोंड दाखवलं असतं. याहून वाईट पुढे आहे.

जूनमध्ये पुस्तकासाठी पानं माझ्याकडे आली. 'चाळली' असं तुला लिहिलं होतं ना? चाळली नव्हती, वाचली होती. सायकलींचं दुकान मला दिसलं. तेव्हा वेळ होता. नव्या न्यायाधीशबाईंकडे जाऊन सांगितलं असतं, माझी चूक झाली, तर साहेबांना तेव्हाच बोलावलं असतं, त्यांना आठवण करून दिली असती, दुरुस्ती पुस्तकासोबत वर गेली असती. मी पान उलटलं. कोण कशाला बघतंय, चार वर्षांत कोणी बघितलं नाही, असं स्वतःला म्हटलं. आणि त्याच दिवशी घरी जाऊन तुला लिहिलं, निर्धास्त झोप, माझा शब्द आहे.

ऑक्टोबरमध्ये हेडक्लार्कने मला दार लावून समोर बसवलं. म्हणाला, "बाई, तुम्ही 'नेहमीचं'चं सांगितलंत तर एक केस नाही, एकेचाळीस उसवतील. चाळीस पोरांना पुन्हा कोर्टात ओढणार का? आणि तुमचे दहा महिने राहिलेत, नीट विचार करा." मला ते इतकं पटलं, काय सांगू! चाळीस पोरं! त्यांच्यासाठीच जणू मी सही केली. खोटं आहे गं. त्यांच्यातल्या चौघांचेही चेहरे मला आठवत नव्हते. माझे दहा महिने मात्र रोज आठवत होते.

तुला लिहिलं होतं, आत साहेब होते आणि छोटी होती. मीही होते. साहेबांना आठवत नाही. मला शब्दन् शब्द आठवतो.

खुर्ची तिला मोठी होती, पाय लटकत होते. एका पायातल्या बुटाची नाडी सुटली होती. साहेबांनी शाळेचं विचारलं, तिने नीट सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "खरं म्हणजे काय, सांगता येईल तुला?"

ती बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "जे सांगितल्यावर आई दोन दिवस जेवली नाही, ते."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि खोटं?"

"आजी म्हणाली, काही झालंच नाही असं म्हण, मग सगळे जेवायला बसतील. ते."

"मग आज तू काय सांगणार आहेस?"

"मला भूक लागलीय," छोटी म्हणाली. "पण खरं सांगणार."

साहेब उठून खिडकीशी गेले. तिथूनच म्हणाले, "नेहमीचं टाका."

यातला एक शब्द मी टाईप केला नाही. तो कागदावर असता तर त्या तिघांपैकी एकाचीही तिची शिक्षा— म्हणजे त्याची शिक्षा— मोडायची हिंमत झाली नसती. आणि मी सुट्टीत डबा उघडला आणि पोटभर जेवले. डब्यात काय होतं तेसुद्धा आठवतं. तू बाहेर बाकावर होतीस, मी तुझ्यासमोरून तोंड पुसत गेले. तू विचारलंस, "माझी पोर नीट बोलली का हो?" मी म्हटलं, "फार छान बोलली." काय बोलली ते सांगितलं नाही. सांगायची परवानगी नव्हती, हे खरं, पण ती परवानगी मी कधी मागितलीही नाही. छोटीने तर तुला सांगितलंच नसणार. तुझ्या जेवणाला ती पोर जपते.

सोमवारी मी न्यायाधीशबाईंसमोर प्रतिज्ञापत्र केलं. चार पानं. सगळं लिहिलं, भुकेसकट, जूनसकट, एकेचाळीससकट. 'नेहमीचं' ही फाईल पुसायचा मोह झाला होता, ती छापून मागे जोडली. नव्या खटल्यात मला साक्षीला उभं करा असं सरकारी वकिलाला कळवलंय. बाईंनी वाचलं आणि पंखा बंद केला. बुधवारी निलंबनाची चिठ्ठी आली. हेडक्लार्कने ती स्वतः आणून दिली, या वेळी उजेडाला न धरता. त्या एकेचाळिसातल्या इतर सात आरोपींच्या वकिलांनी त्याच दिवशी नकलांसाठी अर्ज केले. म्हणजे सात पोरांच्या घरी आता तुला आली तसलीच पत्रं जाणार. हेडक्लार्क बोलला ते खोटं नव्हतं, आणि म्हणून मी गप्प बसायला हवं होतं असंही नव्हतं. यातून सुटका नाही मला, आणि नसावीच.

माझ्या साक्षीचा फार उपयोग होईल अशी आशा धरू नकोस. उंच वकील काय विचारणार ते मला आत्ताच ऐकू येतंय. 'बाई, चार वर्षांपूर्वीचे शब्द तुम्हाला पाठ, आणि ऑक्टोबरात अधिक काही उपलब्ध नव्हतं? खोटं तेव्हा बोललात की आता?' तेव्हा, असं सांगेन. लोक हसतील. तुझी आईही हसेल. ज्या शब्दाला किंमत होती तो नऊ वर्षांच्या मुलीचा होता, तो मी लिहून घेतला नाही. आता माझा घ्या म्हणते, आणि तो चार पैशांचा राहिला नाही.

छोटीला पुन्हा उभं करायचं की नाही, ते तुम्ही दोघींनी ठरवा. मी सल्ला देणार नाही. माझ्या सल्ल्यावर तू साडेतीन महिने निर्धास्त झोपलीस. तिला उभं राहायचं असेल तर एक केलंय. माझ्या जागी नवीन मुलगी आली आहे, बोटं चपळ आहेत. निघताना तिला खुर्चीत बसवून सांगितलं, मूल बोलेल ते टाईप कर, गप्प बसलं तर किती वेळ गप्प बसलं ते टाईप कर, आणि साहेब असो की बाई असो, कोणी 'नेहमीचं टाका' म्हटलं तर हात वर घे. तिने मान हलवली. तिलाही एक वाजता भूक लागेल, म्हणून तिच्या टेबलाच्या खणात बिस्किटं ठेवून आले.

कोट वेगळ्या पार्सलने परत पाठवते आहे. अस्तराला तुझा हात लागलेला आहे, मला तो अंगावर घालवत नाही. बटण सापडलं, खिशात आहे.

माफी मागत नाही. मागितली की तुला ती द्यावी लागेल किंवा नाकारावी लागेल, आणि तुझ्यामागे आधीच कमी कामं नाहीत. साहेबांना घातलेल्या शिव्यांपैकी निम्म्याहून जास्त माझ्या नावे कर. टकटक मावशी हे नाव छोटीने दिलेलं आहे. ते ठेवायचं की काढून घ्यायचं ते तिला विचार, तोवर मी ते खाली लिहीत नाही.

यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणून एकच सांगते, आणि हे तरी ऐक. छोटी घरी आली की हे पत्र बाजूला ठेव, दोन ताटं घे, आणि तिला दिसेल अशी समोर बसून पोटभर जेव.

टंकलेखिका